निकाल वादात पडला की राज्याचा ॲटर्नी जनरल नेमका कोणाचा वकील असतो?

प्रश्न ॲटर्नी जनरलबद्दल, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाबद्दल, आणि थोडक्यात असा आहे. विचारणारे फिनिक्सला राहतात, नुकतेच अमेरिकेचे नागरिक झाले आहेत आणि पहिल्यांदाच मतदान करणार आहेत. ते विचारतात: "ॲरिझोनात निकाल अटीतटीचा लागला आणि ॲटर्नी जनरल हरलेल्या पक्षाचा असला, तर तो निकाल अडवू किंवा फिरवू शकतो का? आणि मतदानाच्या वेळी काही गैर दिसलं तर तक्रार त्याच्याकडेच करायची का?"

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे: निकाल फिरवणं त्याच्या हातात नाही. ॲरिझोनात मतं मोजतात काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग. प्रत्येक काउंटीचा निकाल तिथलं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स (काउंटीचं निवडून आलेलं मंडळ) मंजूर करतं आणि राज्याचा एकत्रित निकाल सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या निवडणुकांचा प्रमुख अधिकारी) प्रमाणित करतो. या शेवटच्या बैठकीला गव्हर्नर आणि ॲटर्नी जनरल हजर हवेत असं कायदाच सांगतो, पण ॲटर्नी जनरलला तिथे ना मत असतं ना नकाराधिकार. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर फेरमोजणी आपोआप लागते, आणि तिचा हुकूम न्यायालय देतं.

एवढंच सांगून थांबलं तर मात्र उत्तर अपुरं राहील. निकाल फिरवता येत नसला तरी वाद कोणत्या वळणाने जाईल, किती लांबेल, कोर्टात राज्याची बाजू कोण मांडेल आणि नंतर कोणावर खटला भरला जाईल, या सगळ्यात त्याचा हात असतो. म्हणून असा वाद समोर आला की मी आधी दोनच गोष्टी कागदावर मांडते: आज कोणती तारीख आहे, आणि या तारखेला ॲटर्नी जनरल कोणाचा वकील म्हणून उभा आहे. सेक्रेटरी ऑफ स्टेटचा, विधिमंडळाने केलेल्या कायद्याचा, की फौजदारी खटल्यात थेट राज्याचा? माणूस तोच, पण प्रत्येक भूमिकेत त्याचे अधिकार वेगळे, मर्यादा वेगळ्या.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं, कारण तिकडे निवडणूक घेण्याचं काम निवडणूक आयोगाचं. निकालावर आक्षेप असेल तर 45 दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करायची. राज्याचा महाधिवक्ता राज्यपालांनी नेमलेला असतो, तो निवडून येत नाही. अमेरिकेत 50 पैकी 43 राज्यांत ॲटर्नी जनरल थेट लोकांमधून, बहुतेक ठिकाणी पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो. अलास्का, हवाई, न्यू हॅम्पशायर, न्यू जर्सी आणि वायोमिंगमध्ये गव्हर्नर त्याला नेमतो, मेनमध्ये विधिमंडळ निवडतं आणि टेनेसीत राज्याचं सर्वोच्च न्यायालय आठ वर्षांसाठी नेमतं. त्यामुळे गव्हर्नर एका पक्षाचा, सेक्रेटरी ऑफ स्टेट दुसऱ्या आणि ॲटर्नी जनरल तिसऱ्याच गटाचा, अशी परिस्थिती सहज उद्भवते, आणि तिघांनाही आपापला मतदार सांभाळायचा असतो.

अधिकारही राज्यागणिक बदलतात, म्हणून एका राज्याचं उत्तर दुसऱ्याला लावू नका. टेक्ससचंच बघा. तिथल्या निवडणूक कायद्यात ॲटर्नी जनरलला निवडणूक गुन्ह्यांचे खटले स्वतः भरण्याचा अधिकार लिहिलेला होता. डिसेंबर 2021 मध्ये राज्याच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने 8 विरुद्ध 1 मतांनी ठरवलं की ही तरतूद राज्यघटनेतल्या सत्ताविभाजनाशी विसंगत आहे. स्थानिक जिल्हा अभियोक्त्याने बोलावल्याशिवाय त्याला खटला चालवता येणार नाही. ॲटर्नी जनरलने या निकालाविरुद्ध राजकीय मोहीम उघडली आणि मार्च 2024 च्या प्राथमिक फेरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) त्या न्यायालयाच्या तीन न्यायाधीश पराभूत झाल्या. एका राज्यातल्या अधिकारांची आखणी काही वर्षांत किती हलू शकते हे यातून दिसतं. आपल्या राज्याचा चालू कायदा बघितल्याशिवाय कोणाचंही उत्तर, माझंसुद्धा, शेवटचं धरू नका.

आता कामाचा भाग. माझ्या मते ॲटर्नी जनरलची सगळ्यात मोठी ताकद मतदानाच्या कितीतरी आधी वापरली जाते, आणि तिकडे कोणाचं लक्ष नसतं. ॲरिझोनात निवडणूक कशी घ्यायची याची एक नियमपुस्तिका असते. टपाली मतपत्रिकेवरची सही कशी जुळवायची, मतपेट्या कोणी कशा हलवायच्या, मोजणी यंत्राची चाचणी कधी घ्यायची, काउंटीने निकाल कसा पाठवायचा, हे सगळं तिच्यात असतं. सेक्रेटरी ऑफ स्टेट ती तयार करतो, पण गव्हर्नर आणि ॲटर्नी जनरल या दोघांची मंजुरी लागते आणि विषम सालाच्या 31 डिसेंबरपर्यंत ती निघावी लागते. मंजूर पुस्तिकेला कायद्याचं बळ असतं. 2021 मध्ये रिपब्लिकन ॲटर्नी जनरल मार्क ब्रनोविच यांनी डेमोक्रॅट सेक्रेटरी ऑफ स्टेट केटी हॉब्ज यांच्या मसुद्याला मंजुरी नाकारली आणि प्रकरण कोर्टात गेलं. परिणामी 2022 ची निवडणूक 2019 च्या जुन्या पुस्तिकेवर झाली. एक मतपत्रिका मोजली जाण्याआधीच, केवळ सही न केल्याने, नियमांचा संच ठरून गेला. वाद झाल्यावर लोक विचारतात "आता तो काय करेल?", खरं तर आदल्या वर्षीच्या डिसेंबरात त्याने काय केलं ते आधी बघायला हवं.

त्याच जातीचा दुसरा अधिकार म्हणजे लेखी कायदेशीर मत. एखाद्या अधिकाऱ्याने विचारलं की कायद्याचा अर्थ असा की तसा, तर ॲटर्नी जनरल मत देतो. ते न्यायालयाला बांधील नसतं, पण ते पाळणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण देतं, त्यामुळे व्यवहारात बरंच वजनदार ठरतं. फ्लोरिडात 2000 साली, बुश विरुद्ध गोर या अध्यक्षीय निवडणुकीत, हे अगदी जवळून दिसलं. तिथे बऱ्याच ठिकाणी मतपत्रिकेवर छिद्र पाडून मत दिलं जात होतं. मतदान यंत्राने अर्धवट छिद्र पडलेल्या मतपत्रिका मोजल्या नाहीत, तर याला "मतमोजणीतली चूक" म्हणून सगळ्या मतपत्रिकांची हातमोजणी करता येते का, असा प्रश्न होता. राज्याच्या निवडणूक विभागाने म्हटलं, नाही; यंत्रच बिघडलं असेल तरच. तो विभाग सेक्रेटरी ऑफ स्टेट कॅथरीन हॅरिस यांच्या हाताखाली होता आणि त्या बुश यांच्या राज्यातल्या प्रचाराच्या सहअध्यक्ष. लगेच 14 नोव्हेंबरला ॲटर्नी जनरल बॉब बटरवर्थ यांनी उलट मत दिलं: मतदाराचा स्पष्ट कौल यंत्राने टिपला नाही तर तीही चूकच. ते गोर यांच्या राज्यातल्या प्रचाराचे अध्यक्ष.

पाम बीच काउंटीच्या मोजणी बोर्डाच्या टेबलावर आता एकाच कलमाचे दोन सरकारी अर्थ होते. त्यांनी हातमोजणी थांबवली आणि न्यायालयाकडून मार्गदर्शन येईपर्यंत वाट बघितली. पुढे 21 नोव्हेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने व्यापक अर्थ उचलून धरला आणि 26 नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली. पाम बीचची मोजणी त्या दिवशी मुदत उलटून सुमारे दोन तासांनी पुरी झाली आणि हॅरिस यांनी ती स्वीकारली नाही. राज्याचा अंतिम फरक 537 मतांचा होता. दोन्ही मतांपैकी कायद्याला धरून कोणतं होतं यावर वकील आजही भांडतात. मला त्यातली व्यावहारिक बाब महत्त्वाची वाटते: परस्परविरोधी मतांमुळे जे दिवस वाया गेले ते कोणत्याही न्यायालयाला परत देता आले नाहीत. निवडणुकीच्या वादात वेळ हीच सगळ्यात महाग वस्तू आहे, आणि ॲटर्नी जनरलचं एक पत्र ती वाचवूही शकतं आणि खाऊही शकतं.

मग येतं कोर्टातलं वकीलपत्र. निवडणुकीबाबतच्या दाव्यात प्रतिवादी बहुतेक वेळा सेक्रेटरी ऑफ स्टेट किंवा राज्याचं निवडणूक मंडळ असतं आणि त्यांची बाजू मांडायची जबाबदारी साधारणपणे ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाची. कार्यालयाला स्वतःला तो कायदा पटत नसला तरी बाजू मांडावी, ही अपेक्षा. पण अपील करायचं की नाही हे ठरवायला त्याला मोकळीक असते आणि खरी कळ तिथे आहे. व्हर्जिनियात मतदारसंघांच्या आखणीचा खटला राज्य हरलं, तेव्हा ॲटर्नी जनरलने पुढे न जाण्याचं ठरवलं. विधिमंडळाच्या सभागृहाने स्वतः अपील केलं. 2019 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की व्हर्जिनियाच्या कायद्याने राज्यातर्फे दावा लढवण्याचा अधिकार फक्त ॲटर्नी जनरलला दिला आहे, सभागृहाला उभं राहताच येणार नाही. तिथेच अपील संपलं. तीन वर्षांनी नॉर्थ कॅरोलायनाच्या मतदार ओळखपत्राच्या खटल्यात मात्र त्याच न्यायालयाने 8 विरुद्ध 1 मतांनी विधिमंडळाच्या नेत्यांना ॲटर्नी जनरलच्या जोडीला उभं राहू दिलं, कारण तिथल्या राज्याच्या कायद्याने त्यांना तो हक्क दिला होता. वरवर विसंगत दिसणारे हे दोन निकाल एकाच तत्त्वावर उभे आहेत: राज्याच्या वतीने कोण बोलणार हे राज्याचा कायदा ठरवतो. म्हणून बातमीत "राज्याने अपील केलं" असं वाचलं की मी आधी सही कोणाची आहे ते बघते.

सेक्रेटरी आणि ॲटर्नी जनरल यांचं पटत नसेल तर काय? बऱ्याच राज्यांत मग सेक्रेटरीला बाहेरचा वकील नेमता येतो, कधी ॲटर्नी जनरलच्या परवानगीने, कधी न्यायालयाच्या. त्यात दिवस जातात आणि पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे यावरून आणखी जातात. अनुभवी सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणूनच बाहेरच्या वकिलाचा करार निवडणुकीच्या आधीच करून ठेवतात.

सध्या लोकांना सगळ्यात जास्त भीती वाटते ती काउंटीने निकाल मंजूरच केला नाही तर, याची. तुमच्याच राज्यात हे घडलं आहे. 2022 मध्ये कोचीस काउंटीच्या तीनपैकी दोन सुपरवायझर्सनी 28 नोव्हेंबरच्या मुदतीत मंजुरी द्यायला नकार दिला. मोजणी यंत्रांचं प्रमाणन नीट झालेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. काउंटीतली मतं सुमारे 47,000. सेक्रेटरी ऑफ स्टेटने लगेच मॅन्डॅमसची याचिका केली, म्हणजे कायद्याने नेमून दिलेलं काम करण्याचा हुकूम मागितला. काउंटीच्या स्वतःच्या वकिलाने त्या दोघांची बाजू मांडायला नकार दिला, कारण हे बेकायदा आहे असं त्याने त्यांना आधीच सांगितलं होतं. 1 डिसेंबरला सुनावणी झाली. त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत मंजुरी द्या, असा हुकूम सुटला आणि दुपारी बैठक होऊन दोन विरुद्ध शून्य मतांनी निकाल मंजूर झाला. तिसरा सुपरवायझर बैठकीला आलाच नाही.

हे इतकं झटपट का झालं? मंजुरी देणं हे ऐच्छिक काम नाही. निकालपत्रकं आली असतील तर बोर्डाला बेरीज तपासून सही करायची असते, निवडणुकीची चौकशी करायची नसते. त्यामुळे अशा याचिकेत साक्षीपुराव्याचा डोंगर लागत नाही. कायद्याचं कलम, मुदतीची तारीख, काउंटीच्या निवडणूक संचालकाचं सर्व निकाल हाती आल्याचं प्रतिज्ञापत्र, बैठकीचं इतिवृत्त किंवा चित्रफीत, आणि न्यायाधीशाने नुसती सही करावी असा हुकमाचा तयार मसुदा, एवढं पुरतं. चुकतं ते याचिका उशिरा लावल्यामुळे किंवा तिच्यात जास्तीच्या मागण्या कोंबल्यामुळे. त्याच वर्षी जूनमध्ये न्यू मेक्सिकोच्या ओटेरो काउंटीतही असाच नकार आला होता. तिथे सेक्रेटरी थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि काही दिवसांत काम झालं.

ॲटर्नी जनरलचा संबंध कोचीसमध्ये नंतर आला. नव्या ॲटर्नी जनरल क्रिस मेज यांच्या कार्यालयाने 2023 च्या अखेरीस त्या दोन सुपरवायझर्सवर ग्रँड ज्युरीमार्फत (खटला भरण्याइतका पुरावा आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळामार्फत) आरोप ठेवले. त्यातल्या एकीने ऑक्टोबर 2024 मध्ये किरकोळ गुन्ह्याची कबुली दिली. शिक्षा 90 दिवसांचं प्रोबेशन आणि 500 डॉलर दंड. शिक्षा लहान वाटेल, पण पुढच्या निवडणुकीत दुसऱ्या कुठल्या बोर्डाच्या बैठकीत हा विषय निघाला की काउंटीचा वकील हेच प्रकरण समोर ठेवतो. या खटल्याचा उपयोग मला त्यात दिसतो.

दुसऱ्या राज्याच्या निकालाला आव्हान देता येतं का, हा उपप्रश्न लोकांच्या मनात असतोच. डिसेंबर 2020 मध्ये, अध्यक्षीय निवडणुकीनंतर, टेक्ससने थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या चार राज्यांविरुद्ध दावा लावण्याची परवानगी मागितली. पणाला होती 62 इलेक्टोरल मतं, म्हणजे अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींची (इलेक्टर्सची) मतं. 17 राज्यांच्या ॲटर्नी जनरलनी पाठिंब्याचं निवेदन दिलं. ओहायोच्या रिपब्लिकन ॲटर्नी जनरलने वेगळं निवेदन देऊन कायद्याचा प्रश्न न्यायालयाने सोडवावा असं म्हटलं, पण टेक्ससने मागितलेल्या हुकमाला विरोध केला. टेक्ससच्या दाव्यावर राज्याच्या सॉलिसिटर जनरलची सही नव्हती, आणि सर्वोच्च न्यायालयात राज्याची प्रकरणं एरवी तोच चालवतो. जाणकारांनी ही अनुपस्थिती पहिल्याच दिवशी टिपली. 11 डिसेंबरला न्यायालयाने सांगितलं की दुसरं राज्य आपली निवडणूक कशी घेतं यात टेक्ससचा न्यायालयाने दखल घ्यावी असा हितसंबंध दिसत नाही. दोन न्यायमूर्तींचं म्हणणं होतं की दावा दाखल करून घ्यावा, पण त्यांनीही दुसरा कोणताही दिलासा देऊ केला नाही. शेजारच्या राज्याच्या ॲटर्नी जनरलने तुमचं मत रद्द करावं, हा रस्ता आज तरी बंद आहे.

अध्यक्षीय निवडणुकीसाठी, इलेक्टोरल मतं मोजण्याच्या फेडरल कायद्यात 2022 च्या अखेरीस झालेल्या सुधारणेनंतर, चौकट आणखी घट्ट झाली. इलेक्टर्सची यादी प्रमाणित करायची ती गव्हर्नरने (किंवा राज्याच्या आधीच्या कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने), इलेक्टर्स भेटण्याच्या किमान सहा दिवस आधी. 2024 मध्ये ती शेवटची तारीख 11 डिसेंबर होती, इलेक्टर्सची बैठक 17 ला. वाद झाला तर उमेदवाराला तीन न्यायाधीशांच्या फेडरल पीठाकडे तातडीने जाता येतं आणि तिथून थेट सर्वोच्च न्यायालयात. ॲटर्नी जनरलला या कायद्याने नवा अधिकार दिलेला नाही.

निकालानंतरचे फौजदारी खटले हा सगळ्यात गाजलेला आणि सगळ्यात कठीण भाग आहे. 2020 नंतर काही राज्यांत हरलेल्या बाजूच्या लोकांनी आपणच निवडून आलेले इलेक्टर आहोत अशा कागदांवर सह्या करून ते वॉशिंग्टनला पाठवले. अशा प्रकरणांत खटला का डळमळतो ते बघण्यासारखं आहे. मिशिगनमध्ये जुलै 2023 मध्ये 16 जणांवर आरोप ठेवले. सप्टेंबर 2025 मध्ये प्राथमिक सुनावणीतच न्यायाधीशांनी उरलेल्या 15 जणांवरचे आरोप रद्द केले, कारण फसवण्याचा हेतू सिद्ध होईल इतका पुरावा त्यांना दिसला नाही; आरोपींना आपण बरोबर आहोत असं मनापासून वाटत होतं, असं त्यांचं मत पडलं. नेवाडात सह्या झाल्या कार्सन सिटीत आणि खटला भरला लास वेगासला. जून 2024 मध्ये न्यायाधीशांनी ठिकाण चुकलं म्हणून तो काढून टाकला, तोवर बऱ्याच आरोपांची मुदत उलटून गेली होती. 2025 च्या नोव्हेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, पण मधलं दीड वर्ष गेलंच. ॲरिझोनात एप्रिल 2024 मध्ये 18 जणांवर आरोप आले. मे 2025 मध्ये न्यायाधीशांनी प्रकरण ग्रँड ज्युरीकडे परत पाठवायला सांगितलं, कारण बचावपक्ष ज्या जुन्या फेडरल निवडणूक कायद्याचा आधार घेत होता त्याचा मजकूरच ज्युरीसमोर ठेवला नव्हता.

हेतू, ठिकाण, ग्रँड ज्युरीपुढची मांडणी: तीन वेगळ्या अडचणी, आणि तिन्ही ठिकाणी मूळ घटना खरी की खोटी यावर वाद नव्हताच. अशा खटल्यात मला पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी तयार हव्या असतात: प्रत्येक कृतीसमोर ती कुठल्या काउंटीत झाली याचा तक्ता, प्रत्येक गुन्ह्यासमोर मुदत संपण्याची तारीख, आणि आरोपीला त्या दिवशी काय ठाऊक होतं हे दाखवणारे संदेश व ईमेल. तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन असूनही खटला टिकत नाही.

आता तुमच्या मनातल्या शंकेचा गाभा: तो स्वतःच पक्षकार असेल तर? 2022 मध्ये ॲरिझोनात ॲटर्नी जनरलचीच निवडणूक वादात होती. पहिल्या मोजणीत मेज यांची आघाडी 511 मतांची, फेरमोजणीनंतर 280. पिनाल काउंटीत काही मतं पहिल्यांदा मोजायची राहिली होती. हरलेल्या उमेदवाराने निकालाला आव्हान दिलं, ते मोहावी काउंटीच्या न्यायालयात चाललं आणि फेटाळलं गेलं. अशा वेळी लढत दोन उमेदवारांमध्ये असते, ॲटर्नी जनरलचं कार्यालय कोणाच्याही बाजूने उभं राहत नाही. दुसरं उदाहरण मिशिगनचं. 2022 मध्ये मतदान यंत्रं बेकायदा ताब्यात घेतल्याच्या तपासात ॲटर्नी जनरल डेना नेसल यांच्या विरोधातल्या उमेदवाराचंच नाव आलं. त्यांनी तपास स्वतःकडे ठेवला नाही, स्वतंत्र अभियोक्ता मागितला, आणि दुसऱ्या काउंटीच्या अभियोक्त्याने पुढचं काम केलं. तुमचा ॲटर्नी जनरल कोणत्याही पक्षाचा असो, हितसंबंध आड येत असताना त्याने प्रकरण दुसऱ्याकडे सोपवलं की नाही, ही त्याच्याबद्दलची माझी पहिली कसोटी आहे.

तक्रारीबद्दल. ॲरिझोनाच्या ॲटर्नी जनरलकडे 2019 पासून निवडणूक तक्रारींसाठी स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे कोणीही लिहू शकतं. पण तो विभाग तुमचं मत वाचवत नाही; फार तर गुन्ह्याचा तपास करतो, तोही महिनोन्महिने. म्हणून आधी ठरवा की तुम्हाला मत वाचवायचं आहे की गैरप्रकार नोंदवायचा आहे.

मत वाचवायचं असेल तर घड्याळ लहान आहे. मतदान केंद्रावर अडचण आली तर तिथल्या इन्स्पेक्टरशी (केंद्रप्रमुखाशी) बोला, तरीही अडवलं तर तात्पुरती मतपत्रिका मागा आणि तिची पावती घेतल्याशिवाय निघू नका. टपाली मतपत्रिकेवरची सही जुळली नाही असा फोन किंवा पत्र काउंटी रेकॉर्डरकडून (मतदार नोंदणी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडून) आलं, तर मतदानानंतरच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत दुरुस्ती करता येते, आणि त्या पाच दिवसांत शनिवार-रविवारही धरलेले आहेत. तुम्ही नुकतेच नागरिक झाला आहात म्हणून एक गोष्ट आजच तपासा: ड्रायव्हिंग लायसन्स ग्रीन कार्डवर किंवा व्हिसावर असताना काढलेलं असेल, तर वाहन विभागाच्या नोंदीत तुम्ही अजून परदेशी नागरिक असू शकता. ॲरिझोनात नोंदणीसाठी नागरिकत्वाचा पुरावा लागतो. तेव्हा नागरिकत्व प्रमाणपत्राचा क्रमांक नोंदणी अर्जावर द्या आणि नोंदणी पूर्ण झाली आहे का, की फक्त फेडरल पदांपुरती आहे, हे रेकॉर्डरच्या कार्यालयात विचारा. ॲटर्नी जनरलकडे येणाऱ्या "मला मत देऊ दिलं नाही" या तक्रारींमागे बऱ्याचदा असलीच नोंदीतली जुनी चूक असते.

गैरप्रकार नोंदवायचा असेल तर स्वतः पाहिलेलं आणि ऐकीव वेगळं लिहा. तारीख, वेळ, केंद्राचा पत्ता, कोण काय म्हणालं, तिथे आणखी कोण होतं, हे त्याच संध्याकाळी लिहून काढा. केंद्रापासून 75 फुटांच्या आत फोटो किंवा व्हिडिओ काढू नका, तो स्वतःच गुन्हा आहे. मृतांच्या नावावर मतदान झालं, अशा याद्या समाजमाध्यमांवर फिरतात, त्या जशाच्या तशा पुढे पाठवू नका. 2020 च्या निवडणुकीबद्दल ॲरिझोनाच्या सिनेटने नेमलेल्या तपासणीतून 282 मृत मतदारांचा दावा पुढे आला होता. ब्रनोविच यांच्या कार्यालयाने ती नावं एकेक करून तपासली आणि ऑगस्ट 2022 मध्ये कळवलं की त्यातली एकच व्यक्ती त्या वेळी मृत होती. बाकीच्या लोकांच्या शोधात तपास अधिकाऱ्यांचे शेकडो तास गेले, तेवढा वेळ खऱ्या तक्रारींना देता आला असता.

निकालालाच आव्हान द्यायचं असेल तर ॲटर्नी जनरलची परवानगी लागत नाही. ॲरिझोनात कोणताही मतदार निकाल प्रमाणित झाल्यापासून पाच दिवसांत सुपिरियर कोर्टात (काउंटी पातळीवरच्या मूळ न्यायालयात) निवडणूक दावा लावू शकतो, आणि न्यायालयाला तो काही दिवसांतच ऐकावा लागतो. मात्र निकाल बदलेल इतक्या मतांचा हिशेब हातात हवा. 2022 मध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेटपदाच्या हरलेल्या उमेदवाराने सुमारे 1,20,000 मतांचा फरक असताना दावा लावला. न्यायालयाने तो फेटाळला आणि निराधार दाव्याबद्दल समोरच्या बाजूचा वकिली खर्चही त्याच्या बाजूला भरायला लावला. तुम्ही त्या टप्प्यापर्यंत आलात तर आधी एखाद्या निवडणूक वकिलाला आकडे दाखवा, आणि ते प्रमाणनाच्या दिवशीच दाखवा, चौथ्या दिवशी नाही.